हिमभूमीवरील शिक्षक : हानेस श्नायडर

उंच हिमपर्वतांच्या माथ्यावरून, पायांस लांब फळ्या बांधून, खालीं झेपावणारे धाडसी तरुण आपणांपैकीं पुष्कळांनीं पडद्यावर पाहिले असतील. कोणी दोन पायांस दोन अरुंद फळ्या बांधतात. त्यांना स्की म्हणतात. कोणी दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर घट्ट बसवितात. ती फळी म्हणजे स्नोबोर्ड. आंखून दिलेली वाट सोडून, ज्या बर्फावर कोणाचेंही पाऊल उमटलेलें नाहीं अशा उतारावरून हे लोक वाऱ्याच्या वेगानें येतात. त्यांच्या मागें पांढऱ्या धुळीचा लोट उठतो, आणि छायाचित्रकार तें सर्व टिपून त्याचे माहितीपट तयार करतात. हाच ज्यांच्या चरितार्थाचा व्यवसाय आहे असे खेळाडू आज युरोप-अमेरिकेंत बरेच आहेत.

आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाहीं. त्यामुळें हा खेळ आपणांस परका वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या पुरुषानें या खेळाला शास्त्रशुद्ध रूप दिलें, आणि त्याच्या पहिल्या चित्रपटांत जो स्वतः उतरला, त्याचें चरित्र आपणांस मुळींच परकें वाटणार नाहीं. कारण तो पेशानें शिक्षक होता. आणि त्याच्या आयुष्यांत एक अशी वेळ आली कीं तेथें खेळांतील कौशल्य कांहीं उपयोगाचें नव्हतें, केवळ मनुष्याचा कणा तेवढा उपयोगाचा होता. त्याचें नांव हानेस श्नायडर.

ऑस्ट्रिया देशाच्या पश्चिम भागांत आर्लबेर्ग नांवाचा घाट आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे. या घाटाच्या पश्चिम उतारावर श्टूबेन नांवाचें एक लहानसें खेडें वसलेलें आहे. तेथें ता. २४ जून १८९० रोजीं हानेसचा जन्म झाला. हिवाळ्यांत तेथें घरें अर्धीं बर्फांत बुडून जात. डोंगरावरून हिमाचे प्रचंड लोट कोसळत आणि वाटा बंद होत. पूर्वीं घाट ओलांडणारे वाटसरू श्टूबेनला मुक्काम करीत, त्यामुळें गांवाला चार पैसे मिळत. पण १८८४ सालीं घाटाच्या पोटांतून दहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा रेल्वेचा बोगदा झाला, गाड्या डोंगराखालून धांवूं लागल्या आणि घाटावरची वर्दळ ओसरली. अशा मागें पडलेल्या गांवांत हानेसचें बालपण गेलें.

त्या काळीं स्कीचें माहेरघर नॉर्वे हेंच होतें. आल्प्स पर्वतांतील लोकांस ती वस्तु नवीन होती. हानेस दहा-अकरा वर्षांचा असतां ब्रेगेन्झ शहराचा व्हिक्टर झोम नांवाचा एक स्कीपटु श्टूबेनला येऊं लागला. फळ्यांवर उभा राहून हा पाहुणा बर्फावरून सहज सरकत जातो हें पाहून त्या मुलाच्या मनानें तो खेळ घेतला तो कायमचा. झोमनें त्याला प्राथमिक धडे दिले. पुढें जगाचा गुरु झालेल्या या मनुष्याची सुरुवात अशी एका पाहुण्याच्या आपुलकींतून झाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नॉर्वेच्या डोंगरांचे सौम्य उतार लक्षांत घेऊन तेथील पद्धत बनली होती. स्कीवर मनुष्य ताठ उभा राही, आणि वळतांना एक फळी पुढें सरकवून मागच्या पायाचा गुडघा खालीं नेई. ही रीत दिसावयास फार सुंदर. परंतु आल्प्सच्या तीव्र उतारावर व मोठ्या वेगांत ती पुरी पडत नसे. ऑस्ट्रियांतच माथियास झ्डार्स्की नांवाच्या दुसऱ्या एका पंडितानें तीव्र उतारासाठीं निराळी पद्धत काढली होती. तींत हातांत एकच लांब काठी असे. ती सुरक्षित खरी, पण संथ होती. वेग आणि सुरक्षितता या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न तसाच शिल्लक होता.

१९०७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, हानेसला घाटाच्या पूर्वेकडील सांक्ट आन्टोन या गांवीं नोकरी मिळाली. बोगद्याच्या तोंडाशीं असल्यामुळें तेथें रेल्वेचें स्टेशन होतें व हिवाळ्यांत पाहुणे येऊं लागले होते. तेथील पोस्ट हॉटेलचे मालक कार्ल शूलर यांनीं पाहुण्यांस स्की शिकविण्यासाठीं या तरुणास ठेवून घेतलें. दिवसा शिकवावें आणि सवड मिळेल तेव्हां स्वतःच्या पायांवर प्रयोग करावे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

या प्रयोगांतून त्याला जें सांपडलें तें ऐकावयास अगदीं साधें आहे. ताठ उभें न राहतां गुडघे वांकवून, अंग पुढें झुकवून बसल्यासारखें झालें, कीं शरीराचा भार खालीं येतो आणि तोल सुटत नाहीं. वळतांना एका फळीचें मागचें टोंक बाहेर सारून ती तिरकी धरावी, शरीराचा भार तिच्यावर टाकावा आणि मग दोन्ही फळ्या जवळ आणून वळण पुरें करावें. अशा रीतीनें वेग न मारतां तो ताब्यांत ठेवतां येतो. भिऊन हळू जाणें आणि बेफाम होऊन पडणें, या दोहोंमधील वाट त्यानें शोधून काढली. पुढें हीच रीत आर्लबेर्ग पद्धत या नांवानें प्रसिद्ध झाली.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. श्नायडर सैन्यांत गेला आणि पहाडी पलटणींतील शिपायांस स्की शिकविण्याचें काम त्याच्याकडे आलें. हौशी पाहुण्याला सावकाश शिकविणें वेगळें, आणि कधीं फळी न पाहिलेल्या शेंकडों शिपायांस थोडक्या दिवसांत तयार करणें वेगळें. येथें त्याला कळून आलें कीं कोणतीही कठीण विद्या लहान लहान पायऱ्यांत फोडली आणि त्या पायऱ्या योग्य क्रमानें मांडल्या, तर ती साधारण माणसासही साध्य होते. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट वर्गांत रोज दिसते. श्नायडरला ती बर्फावर दिसली.

युद्ध संपल्यावर १९२१ सालीं सांक्ट आन्टोन येथें त्यानें आपली स्कीची शाळा काढली. या शाळेला भिंती नव्हत्या, पण वर्ग होते. पहिल्या वर्गांत फळ्यांचीं पुढचीं टोंकें जवळ व मागचीं दूर ठेवून, नांगराच्या फाळाप्रमाणें बर्फ रेटीत सावकाश उतरावयाचें. तें नीट येऊं लागलें कीं त्याच स्थितींत वळण घ्यावयाचें. त्यानंतर एक फळी तिरकी ठेवून वळावयाचें. आणि सर्वांत वरच्या वर्गांत दोन्ही फळ्या जुळवून वेगानें वळावयाचें. या शेवटच्या वळणास नॉर्वेच्या राजधानीच्या जुन्या नांवावरून ख्रिस्तियाना म्हणत. खालचा धडा पक्का झाल्यावांचून वरच्या वर्गांत प्रवेश मिळत नसे, मग शिष्य सावकार असो कीं सरदार असो. शाळेंतील सर्व शिक्षकांनीं एकाच पद्धतीनें शिकवावें असा दंडक होता. त्यामुळें शिक्षक बदलला तरी विद्यार्थ्याचा गोंधळ होत नसे.

याच सुमारास श्नायडरच्या आयुष्यांत कॅमेरा आला. जर्मनींतील फ्रायबुर्ग शहरीं डॉ. आर्नोल्ड फांक हे भूगर्भशास्त्राचे पदवीधर आणि पर्वतांचे वेडे गृहस्थ राहत. चित्रशाळेंत खोटे देखावे उभे करून चित्रपट काढण्याचा तो जमाना होता. फांक यांनीं ठरविलें कीं कॅमेरा खऱ्या हिमपर्वतावर न्यावयाचा आणि खऱ्या स्कीपटूंचें चित्रण करावयाचें. १९२० सालीं त्यांचा स्कीच्या चमत्कारावरील मूक माहितीपट लोकांपुढें आला; त्यांत श्नायडर प्रमुख होता. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांस या प्रकारांत कस दिसेना, तेव्हां या मंडळींनीं स्वतःच सभागृहें भाड्यानें घेऊन तो दाखविला. ज्यांनीं जन्मांत हिमशिखर पाहिलें नव्हतें असे शहरांतील लोक तो पाहून थक्क झाले.

१९२२ सालीं त्याचा दुसरा भाग निघाला. त्यांत स्वित्झर्लंडमधील एंगाडीन प्रदेशांत स्कीवरून खेळलेली एक लटकी शिकार होती. एक स्कीपटु कोल्हा व्हावयाचा आणि बाकीच्यांनीं त्याचा पाठलाग करावयाचा. उड्या, घसरगुंड्या, हुलकावण्या यांनीं पडदा भरून गेला. आज नितळ बर्फावरून उतरणाऱ्या खेळाडूंचे जे माहितीपट आपण पाहतों, त्यांचे पूर्वज हेच चित्रपट होत. त्या वेळीं डोंगरावर नेणारे पाळणे सांक्ट आन्टोन येथें नव्हते. ते १९३७ सालीं आले. तोंवर स्कीखालीं सीलमाशाचें कातडें बांधून तासन्‌तास चढावें तेव्हां कोठें कांहीं मिनिटांची घसरण पदरीं पडे. पडद्यावर दिसे ती घसरण. तिच्यामागची चढण दिसत नसे.

श्नायडरला या चित्रांचा आणखी एक उपयोग दिसला. चित्रफितींतील एकेक क्षणचित्र वेगळें काढून पाहिलें, कीं वळतांना गुडघा कोठें आहे, खांदा कोठें आहे, भार कोणत्या पायावर आहे, हें स्पष्ट कळतें. अशीं चित्रें देऊन त्यानें व फांक यांनीं १९२५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनोरंजनासाठीं काढलेली फीत अशा रीतीनें पाठ्यपुस्तक बनली.

त्याची कीर्ति आतां सर्वत्र पसरली. १९२८ सालीं आर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थाच्या सहकार्यानें सांक्ट आन्टोन येथें आर्लबेर्ग-कांदाहार नांवाची शर्यत सुरू झाली. अफगाणिस्तानांतील कांदाहारचें नांव आल्प्समध्यें कसें गेलें, असें आपणांस वाटेल. हिंदुस्थानचे एके काळचे सरसेनापति लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या किताबांत तें नांव होतें. त्यांनीं दिलेल्या करंडकावरून तें एका स्कीमंडळास आणि तेथून शर्यतीस मिळालें. १९३० सालीं श्नायडर निमंत्रणावरून जपानला गेला. तेथील हिमप्रदेशांत त्यानें प्रात्यक्षिकें व व्याख्यानें दिलीं. १९३१ सालीं फांक यांचा एक बोलपट आला, त्यांत श्नायडर शिक्षकाच्याच भूमिकेंत होता आणि त्याच्याकडून स्की शिकणारी नायिका लेनी रीफेनश्टाल ही होती.

येथवरचें चरित्र यशाचें आहे. खरी परीक्षा यापुढें आहे.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीं त्यानें असा कायदा केला कीं ऑस्ट्रियांत जाणाऱ्या प्रत्येक जर्मन प्रवाशानें आधीं एक हजार मार्क भरावे. हेतु उघड होता. जर्मन पाहुणे बंद पडले म्हणजे ऑस्ट्रियाच्या डोंगरी गांवांची उपासमार होईल आणि लोक नाझी पक्षाकडे वळतील. आर्लबेर्गच्या गांवांस याची झळ लागली, आणि स्कीच्या शिक्षकांतही नाझी मताचे लोक निघाले. श्नायडर मात्र त्या वाटेनें गेला नाहीं. नाझी राजकारणाला त्यानें आपल्या शाळेंत थारा दिला नाहीं आणि ज्यू मित्रांशीं असलेली मैत्री सोडली नाहीं. रुडॉल्फ गोम्पर्झ हा त्याचा जिवलग सहकारी ज्यू कुळांत जन्मलेला होता. सांक्ट आन्टोनचें नांव जगापुढें नेण्यांत श्नायडरच्या खालोखाल त्याचेच श्रम होते.

ता. १२ मार्च १९३८ रोजीं जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. नाझी लोक सत्तेवर येतांच त्यांनीं श्नायडरला अटक करून लांडेक गांवच्या तुरुंगांत टाकलें. ज्या गांवाची भरभराट त्याच्या शाळेमुळें झाली, तेथेंच तो एका रात्रींत गुन्हेगार ठरला. कांहीं दिवसांतच सांक्ट आन्टोन येथें कांदाहारची शर्यत व्हावयाची होती. लन यांनीं श्नायडरच्या अटकेचा निषेध म्हणून ती रद्द केली. जगांतील खेळाडूंमध्यें या गोष्टीचा मोठा गवगवा झाला. कांहीं आठवड्यांनीं त्याला तुरुंगांतून सोडण्यांत आलें. पण घरीं जाण्याची मोकळीक मिळाली नाहीं. जर्मनींतील गार्मिश येथें त्याला नजरेखालीं ठेवण्यांत आलें. शाळा गेली, घर अंतरलें, आणि पुढें काय होणार हें कोणासच ठाऊक नव्हतें.

अशा वेळीं मनुष्य काय करील? त्याच्या ओळखीच्या कित्येकांनीं नव्या सत्तेशीं जुळवून घेतलें. १९३१च्या बोलपटांतील ती शिष्या पुढें हिटलरच्या मेळाव्यांचे चित्रपट काढून नांवाजली गेली होती. फांकही पुढें १९४० सालीं नाझी पक्षाचे सभासद झाले. दोन गोड शब्द बोलून श्नायडरलाही आपली शाळा कदाचित् राखतां आली असती. ज्यानें सगळ्या जगाला बर्फावर गुडघे वांकविण्यास शिकविलें, त्यानें या सत्तेपुढें मात्र गुडघे टेकले नाहींत.  माझ्या मतें त्याच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड उतार तोच होता.

सुटका आली ती साता समुद्रांपलीकडून. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानांत नॉर्थ कॉनवे नांवाचें एक गांव आहे. तेथें जन्मलेला हार्वे गिब्सन हा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पेढीचा अध्यक्ष झाला होता आणि आपल्या गांवीं क्रॅनमोर टेकडीवर स्कीचें केंद्र उभारीत होता. श्नायडरचाच एक शिष्य त्या भागांत आधींपासून शिकवीत होता. जर्मनीच्या कर्जव्यवहाराशीं गिब्सनचा संबंध असल्यामुळें बर्लिनमध्यें त्याच्या शब्दाला वजन होतें. तें वजन त्यानें या एका शिक्षकासाठीं खर्च केलें, आणि श्नायडरला सहकुटुंब देश सोडून जाण्याची परवानगी मिळाली.

ता. ११ फेब्रुवारी १९३९ रोजीं श्नायडर, त्याची पत्नी लुडविना, मुलगी हेर्टा आणि मुलगा हेर्बर्ट हे नॉर्थ कॉनवेच्या स्टेशनवर उतरले. स्वागतासाठीं सारा गांव लोटला होता. शाळेंतील मुलें दोन रांगा करून उभीं होतीं. त्यांनीं आपल्या स्कीच्या काठ्या वर धरून त्यांची कमान केली होती. त्या कमानीखालून तें कुटुंब चालत गेलें. स्वतःच्या देशानें ज्याला गजांआड टाकलें, त्याचें परक्या देशांतील मुलांनीं असें स्वागत केलें. हा प्रसंग डोळ्यांपुढें आणला म्हणजे शिक्षकाची खरी मिळकत कोणती हें कळतें.

त्या वेळीं त्याचें वय अठ्ठेचाळीस होतें. भाषा नवी, देश नवा, आणि आल्प्सच्या मानानें क्रॅनमोर म्हणजे एक लहानशी टेकडी. कोठें तें जगप्रसिद्ध आर्लबेर्ग आणि कोठें ही टेकडी, अशी खंत करीत तो बसला नाहीं. तेथेंच त्यानें पुन्हां पहिल्या वर्गापासून शिकविण्यास आरंभ केला. नांगर, मग वळण, मग पुढचें वळण. त्याच्या हाताखालीं आणि त्याच्या शिष्यांच्या हाताखालीं अमेरिकेची एक पिढीच्या पिढी स्की शिकली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें बर्फांत लढण्यासाठीं दहावी पहाडी पलटण उभारली. त्याचा मुलगा हेर्बर्ट तींत दाखल होऊन इटलीच्या डोंगरांत हिटलरच्या सैन्याशीं लढला. युद्धानंतर परत येऊन त्यानेंही वडिलांचेंच काम पुढें चालविलें.

मित्र गोम्पर्झ मात्र वांचला नाहीं. तो सांक्ट आन्टोन येथेंच राहिला होता. १९४२ सालीं नाझींनीं त्याला पूर्वेकडे मिन्स्कजवळ नेऊन ठार मारलें. ज्या गांवासाठीं त्यानें आयुष्य वेंचलें त्या गांवानें पुढें पुष्कळ वर्षांनीं, १९९५ सालीं, त्याचें स्मारक उभारलें. श्नायडरची कथा सांगतांना या मित्राचें नांव वगळणें हा मोठाच अन्याय होईल. कारण त्याच्याशीं तोडलेल्या संबंधावर सुखाचे दिवस विकत घेणें शक्य असतां श्नायडरनें तें नाकारलें होतें.

ता. २६ एप्रिल १९५५ रोजीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, नॉर्थ कॉनवे येथें हानेस श्नायडरचें देहावसान झालें. आज त्याचा एक पुतळा सांक्ट आन्टोन येथें आहे आणि एक क्रॅनमोर येथें आहे. ज्या गांवांतून त्याला बाहेर पडावें लागलें आणि ज्या गांवानें त्याला आश्रय दिला, तीं दोन्ही गांवें आज त्याला आपला म्हणतात.

स्कीचें तंत्र त्याच्यानंतर पुष्कळ बदललें. फळ्या आंखूड व हलक्या झाल्या. अंग वांकविण्याची त्याची रीत जुनी झाली. स्नोबोर्ड तर त्याच्या मरणानंतर अवतरला. विद्या अशीच पुढें जात असते, आणि शिष्य आपल्यापुढें गेला तर गुरूला दुःख होण्याचें कारण नाहीं. परंतु कठीण गोष्ट पायरीपायरीनें शिकवितां येते हा त्याचा पहिला धडा जुना झालेला नाहीं. मित्राचा हात सोडून मिळणारें वैभव घेऊं नये हा त्याचा दुसरा धडा तर कधींच जुना होणार नाहीं.

तेव्हां मुलांनो, यापुढें कधीं पडद्यावर हिमशिखरावरून झेपावणारा एखादा वीर दिसला, तर त्याच्या धाडसाचें कौतुक अवश्य करा. त्याच वेळीं काठ्यांची कमान धरून उभीं असलेलीं तीं मुलें आणि तिच्याखालून आपल्या बायकामुलांसह चालत जाणारा तो निर्वासित शिक्षक, हेंही चित्र एकदां मनांत आणा. गणिताचें पुस्तक कठीण वाटेल तेव्हां त्याच्या शाळेंतील पहिला वर्ग आठवा. आणि वर्गांतील एखाद्या एकट्या पडलेल्या सोबत्याला सोडून सगळे जिकडे जातात तिकडे जावें असें वाटेल, तेव्हां सांक्ट आन्टोनचे ते दोन मित्र आठवा.